अबोलीची माळ

बुधवार, संध्याकाळ

होसकोट्याचे ते ऑटोवाले अण्णा अजून सापडलेले नाहीत. दुपारी छातीत जळजळतंय म्हणून कॅज्युअल्टीत आले होते. पहिला ईसीजी नॉर्मल. तासाभराने दुसरा काढल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही.

"स्वल्पच दुखतंय, अक्का. गेटसमोर अबोलीची माळ लावलेली ऑटो माझी. बाजूला लावून येतो."

"सरी, या लावून," मी म्हटलं. का म्हटलं?

परतलेच नाहीत. "पळाला असणार, ऑटोवाले कधी थांबतात!" सीनियर हसला. मीही हसले.

ड्यूटी संपवून बाहेर आले, तर गेटसमोर ऑटो तशीच उभी. अबोलीची माळ. आत कुणी नाही. केसपेपरवरचा त्यांचा नंबर लावला.

रिंग ऑटोतच वाजली.