गरुडाची तीन पिसं

कागोशिमा,
८ नोव्हेंबर १९७४

ती. तोकुजीदादास,
फुमिएचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला चहा पोचला. हे परवा दवाखान्यातून घरी आले. पोटात अल्सर होता, तो कापून काढला, असं यांना सांगितलंय. खरं काय ते तुला एकट्याला लिहिते. कर्करोग आहे. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. हे वसंतापर्यंत तग धरतील की नाही, सांगता येत नाही म्हणाले. यांना कळता कामा नये, दादा. कळलं तर खाणंपिणं टाकतील.

नववर्षाच्या पहिल्या नेमबाजीला जायचंच, असा यांचा हट्ट आहे. जुने बाण आता जड होतात. तेवढी एक हलकी जोडी करून दे. पिसं टर्कीची चालतील म्हणाले; मला म्हणे, तुझा भाऊ बाबांची गरुडाची पिसं जीव गेला तरी सोडायचा नाही, म्हणून हसलेसुद्धा. हसताना टाके दुखले.

वहिनीला नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फुमिए


मियाकोनोजो,
२ डिसेंबर १९७४

चि. फुमिएस,
अनेक आशीर्वाद.

सोबत जोडी पाठवली आहे. टर्कीची पिसं निवडली, दोरा गुंडाळला, पण मन लागेना, सोडून टाकला. मग बाबांची पेटी उघडली. तीन पिसं मधोमध चिरली. प्रत्येकाचं एक अंग पहिल्या बाणाला लावलं, दुसरं अंग दुसऱ्याला. एक बाण उजवा फिरत जाईल, एक डावा. थंडीत सरस धरेना, म्हणून उशीर झाला.

तुझी वहिनी म्हणाली, त्या बिचाऱ्याला आयुष्यभर पेटीला हात लावू दिला नाहीत, आज कुठून फुटलं हे औदार्य? मी पार्सल बांधायला घेतलं. शिन्साकूला म्हणावं, आता नेम चुकला तर पिसांवर खापर फोडता येणार नाही.

जपून रहा. आमचा जीव तिकडेच आहे.

तुझा,
तोकुजीदादा


कागोशिमा,
७ डिसेंबर १९७४

प्रिय तोकुजी,
स. न. वि. वि.

पार्सल उघडलं आणि हात तिथेच थांबला. अरे चिक्कू माणसा, ही पिसं मी तुझ्या लग्नात मागितली, माझ्या लग्नात मागितली. दर वेळी म्हणालास, आधी धड बाण मारायला शीक. महिनाभर अंथरुणात पडून मी काही शिकलेलो नाही. तेव्हा कळायचं ते कळलं.

तुझ्यावर राग नाही. पण फुमिए जोडी बघून पांढरी पडली. मी मोठ्यानं म्हणालो, तुझ्या भावाचं डोकं फिरलंय, दुसरं काय! ती हसली, तेव्हापासून मात्र माझं तोंड न्याहाळत असते. ती रोज खारवलेलं उमेचं आंबट फळ घालून मऊ पेज करते, मी रोज थोडा बरा होतो. एवढाच आमचा संसार उरलाय. तो मोडायला नको. तिला पटेल असं काहीतरी लिही. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून मीच सुचवतो: पेटीला कसर लागली म्हण.

बाण सुंदर आहेत. दुसऱ्याचा खालचा दोरा किंचित सैल आहे.

लोभ वाढव म्हणत नाही. आहे तेवढा पुरेल.

तुझा,
शिन्साकू


मियाकोनोजो,
११ डिसेंबर १९७४

चि. फुमिएस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं. बाबांच्या पेटीला कसर लागली होती. तीन पिसं तेवढी धड निघाली. ती तरी कामी यावीत, म्हणून लावली. दुसरं काही मनात आणू नकोस. हे शिन्साकूला वाचून दाखव. बायकोच्या भावाला घर सांभाळता येत नाही म्हणून हसेल, हसू दे.

नववर्षाला आम्ही दोघं येतोच आहोत. तुम्ही दोघं आम्हाला धरून आहात, तसेच रहा.

आणि त्याचे ते जुने, जड बाण टाकून देऊ नकोस. वसंतात इकडे पाठव. त्यांची पिसं बदलून ठेवतो. सवडीनं पाठवलेस तरी चालेल, घाई नाही.

तुझा,
तोकुजीदादा