कच्ची नानकटाई

प्रिय दिपाली,

काल सकाळी सगळ्यात आधी आल्या त्या आमच्या मनुबाई वन्सं, तुझ्या आजोबांची खासबागची बहीण. माझी अंघोळसुद्धा व्हायची होती आणि ह्या दारात उभ्या, हातात घरच्या तुपाचा डबा. चप्पल काढायच्या आधी विचारलं, पोरगी न्हाय व्हय गं आली अजून पुण्यासनं? मनात म्हटलं, घालवली कुणी? तोंडानं म्हटलं, वन्सं, चहा टाकते. तू हसशील, पण मला काल सकाळपासनं सगळ्याचंच हसू येतंय. का ते सांगते, वाचत जा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

त्यांच्या मागोमाग आला नागेंद्र, सदलग्याचा, मिक्सर-गिझर दुरुस्त करणारा. त्याला मीच बोलावलं होतं, तुझ्या बापाला न सांगता. विक्रम गेल्या महिन्यापासनं म्हणतोय, ती ओव्हनची पेटी भंगारात देऊया, कोपरा मोकळा होईल. मी म्हटलं, पोरीनं हौसेनं घेतलेली वस्तू, टाकायच्या आधी तापत का नव्हती ते तरी बघू.

अगं, काय सांगू! नागेंद्रनं पेटी पाठमोरी करून मागचा पत्रा काढला आणि आतनं जो वास आला, शी! मी पदर नाकाला लावला. वन्सं तर चहाची कपबशी घेऊन परड्यात पळाल्या. आत उंदरानं घर केलेलं, तुझी केसाची निळी रिबीन, कापूस, कागदाचा भुगा. त्यात वाळून चपटी झालेली पाल. झुरळं तर विचारू नकोस, मेलेली खाली आणि जिती वर. तळाला करपलेलं तूप गाडीच्या वंगणासारखं काळंकुट्ट, नखानं खरवडलं तर नखाला चिकटून बसणारं. आणि सगळ्यावर तुझ्या केकातल्या अंड्याची घाण. माझ्या गळ्यात माळ, मला त्या वासानं कायमची शिसारी, तुला ठाऊक आहे. नागेंद्र मात्र ते सगळं हातानंच उपसत होता, आणि मधेच त्याच हातानं त्यानं बशीतलं बिस्कीट उचललं नि चहात बुडवलं! वन्सं परड्यातनं ओरडल्या, अरं मुडद्या, हात धू की आधी! तो म्हणतो कसा, आज्जी, रोजचंच हाय, पोटाला सवय झालीया.

वन्संचा आवाज ऐकला आणि मला पुन्हा तो बारशाचा दिवस आठवला. त्यांच्या पणतवाचं बारसं, त्यांचंच पीठ, त्यांचंच तूप, तू दोन दिवस उभी राहून नानकटाई भाजलेलीस. भट्टीवर रांग लावायला नको म्हणून आपल्या गल्लीतल्या बायका तुझ्याकडंच पीठ-तूप आणून द्यायला लागल्या होत्या, किती मिरवायचे मी! आणि वन्संनी चारचौघांत एक मोडली, तोंडात टाकली, थूः करून थुंकली. ही नानकटाई न्हवं गं, शाडूचं ढेकूळ हाय. ह्या पोरीच्या हाताला चवच न्हाय. सगळ्या बायका हसल्या. तू परात उचलून आत गेलीस. आठवड्यात पुण्याची नोकरी धरलीस, आणि तेव्हापासनं फोनवर मी ओव्हनचं नाव काढलं की तू ठेवते म्हणतेस. म्हणून तर पत्र.

तर काल. नागेंद्रनं घासूनपुसून पेटी लखलखीत केली आणि वायर जोडून बघितली. कॉईल लालभडक. म्हणाला, आज्जी, कॉईल चांगली हाय, आतलं सगळं चांगलं हाय. मग दार लावून कडेनं तळवा फिरवला. मलाही फिरवायला लावला. बैलाच्या नाकातनं येते तशी गरम वाफ चारी बाजूंनी बाहेर येत होती. म्हणाला, उष्णता सगळी बाहेर चाललीया, आत भाजायचं कसं? हितं दाराला रबराची पट्टी असते, ती कुठं गेली? वन्सं म्हणाल्या, उंदरानं नेली असंल. मी म्हटलं, व्हय, उंदरानंच. जेवायला वन्संनी आंब्याचं लोणचं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली. म्हणाल्या, मुरलंय झकास, बुरशीचा ठिपका न्हाय. मी बरणी पदराआड करून आत नेली.

दिपाली, ती पट्टी उंदरानं नेली नाही. बारशाच्या आधी चार दिवस तू कोल्हापूरला गेलेलीस, तेव्हा मी दार पुसत होते. पट्टीच्या खाचेत केकाचा चुरा, मुंग्या, आणि अंड्याचा तो बलक शेंबडासारखा ओघळून वाळलेला. धुवायला म्हणून पट्टी ओढली, तर चार कोपऱ्यांचे आकडे सुटून हातात आली. सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतली. इतकं जाड, ताणणारं रबर टाकवेना, म्हणून गाठ मारून लोणच्याच्या बरणीला, तोंडावरच्या दादऱ्याचं फडकं घट्ट धरायला बसवली. ती नुसती घाण धरायला लावलेली आहे असं मला वाटलं गं, खरंच, म्हणून तुला सांगितलंही नाही, आणि बारशाच्या घाईत तुझ्याही ध्यानात आलं नाही. काल कळलं, आणि स्वतःचीच इतकी किळस आली, तितकी त्या पालीचीही आली नव्हती. पण त्याच्या दुप्पट आनंद झाला, कारण तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं, घाण माझ्याच हातानं केलेली. बारशात वन्संचं जे थूः तू ऐकून घेतलंस, ते माझ्या वाट्याचं होतं. वन्संना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या तुपाचा डबा इथंच ठेवून गेल्या आहेत, म्हणाल्या, पोरगी आली तर करू दे पुन्हा, मी लई बोलले तवा. चारचौघांत झालं ते चारचौघांतच निस्तरायला हवं, गल्लीतल्या सगळ्या बायकांना मी बोलावते. पण तू शेजारी उभी असलीस तरच माझ्या तोंडातनं शब्द निघेल. नागेंद्र नवी पट्टी घेऊन आणि वन्सं सकाळच्या एसटीनं, दोघंही येत्या बेस्तवारी, तुमच्या पुण्याच्या भाषेत गुरुवारी, येतो म्हणालेत.

तुझीच, बरणी उघडी ठेवून बसलेली,
आज्जी