कोष्टकाच्या पोटातलं कोष्टक

३ सप्टेंबर १९८४, सोमवार

ठरलं एकदाचं! छापखान्यातलं सगळं शिसं येत्या रविवारी लकडगंजच्या भंगारवाल्याकडे जाणार. मनोहररावांनी चहाच्या वेळी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मालक असले तरी माझ्याहून लहान. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकले. "देवकीबाई, तुमची नोकरी कुठं जात नाही. तुम्ही प्रुफं पाहा." प्रुफं पाहा! एकवीस वर्षं उभ्यानं अक्षरं वेचली, आता बसून चुका वेचायच्या.

नोकरीची काळजी नाही मला. काळजी वेगळीच. माझ्या घोडीखाली, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या ठेवतात त्या लाकडी चौकटीखाली, मागच्या कोपऱ्यात, एक गाठोडं आहे. अठरा वर्षं झाली. कुणाला ठाऊक नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

फोटोकंपोझिंगची नवी मशीन म्हणजे नवी नवरी — गार खोली, चपला बाहेर, कुणी हात लावायचा नाही. चालवते उत्तरा. पोरगी हुशार, पण आज तोंड उतरलेलं. विहिरींच्या अहवालाची नवी आवृत्ती आली आहे. तालुक्यांचं मोठं कोष्टक, आणि त्याच्या एका चौकोनात गावांचं लहान कोष्टक. त्याला स्वतःचा मथळा, स्वतःच्या टिपा. मशीन त्या आतल्या टिपा उचलते आणि पार पानाच्या तळाशी नेऊन टाकते.

"काहून असं करून राहिली ही, बाई?" अगदी रडकुंडीला आली होती.

म्हटलं, "घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे वं. आतल्या कोष्टकाची टीप आतच बसते."

हा अहवाल मी चांगला ओळखते. सहासष्ट साली पहिल्यांदा आम्हीच जुळवला होता. मी आणि अनंत.

५ सप्टेंबर, बुधवार

आज दिवसभर अनंतच डोळ्यांसमोर.

माझ्या समोरच्या केसवर, खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपाशी, उभा राहायचा. बारीक, उंच, बोटं शिशानं काळी. असं कोष्टक एकट्याचं काम नाही. तो आतलं जुळवायचा, सुतळीनं बांधायचा. मी बाहेरचं जुळवायची आणि त्याच्यासाठी नेमकी जागा मोकळी ठेवायची. सूतभर चुकलं तरी पितळी पट्ट्या जुळत नाहीत, सगळं भसकन सांडतं.

"किती जागा ठेवली वं?"

"तुह्या कोष्टकापुरती."

"बस? मी कुठं बसू मंग?"

मेला! मी खाली मान घालून हसायची. आतल्या कोष्टकाला दोनच टिपा होत्या. आटलेल्या विहिरीला एक चांदणी (*), खाऱ्या पाण्याच्या विहिरीला दोन चांदण्या. अजून पाठ आहेत.

आमच्या घरी छप्पन साली बुद्ध आले, त्याच्या घरी दर महिन्याला सत्यनारायण. दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही गप्प.

६ सप्टेंबर, गुरुवार

काल अर्धंच लिहिलं. पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. आम्ही त्याला 'सोडणे' म्हणतो. ते काम कायम माझं. अहवाल छापून झाला त्या शनिवारी अनंतनं आपलं कोष्टक कागदात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली, पेन्सिलीनं लिहिलं 'देवकी — सोडणे' आणि माझ्यासमोर ठेवलं. "आजच्या आज सोड बरं! विसरू नको." कान लाल झाले होते त्याचे.

मी हो म्हटलं. आणि सोडलं नाही. त्याच्या हातची गाठ होती, कशी सोडू? तसंच लपवलं घोडीखाली. खिळ्यांची टंचाई असताना! आमच्या धंद्यात ही सरळ चोरीच.

सोमवारी आल्या आल्या त्यानं आपली स्टिक उचलली — ओळ जुळवायची हातातली, काठ असलेली लोखंडी पट्टी. आत पाहिलं, ठेवून दिली. जेवणानंतर पुन्हा पाहिली. दिवसभर माझ्याशी चकार शब्द नाही. मंगळवारी आलाच नाही. अकोल्याच्या छापखान्यात लागला म्हणे. वर्षभरात लग्नही झालं.

मला वाटलं, चोरी कळली, म्हणून रागावला. माणूस चार खिळ्यांसाठी एवढा रागावतो का? रागावला तर रागावला, असं म्हणून मीही ताठ राहिले. आणि वर्षं गेली.

७ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या अहवालाची प्रत उधईनं खाल्ली. मनोहरराव कपाट उपसून बसले होते. "एक नमुना भेटला असता तर उत्तराले दाखवता आलं असतं." उत्तरा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हे काम हातचं गेलं तर मले ठेवतील का जी?"

नमुना माझ्याकडे आहे. पण दाखवायचा तर गाठोडं उघडावं लागेल.

८ सप्टेंबर, शनिवार

आजही बोलले नाही. भित्री मेली!

९ सप्टेंबर, रविवार

गाडी आली. केसा उलट्या करून खिळे पोत्यांत ओतले. तो आवाज! बाइंडिंगच्या अंजनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "काहून रडून राहिली वं, शिसंच ते," मी म्हटलं, आणि माझंच नाक वाहायला लागलं. पट्ट्या, जुळवलेल्या ओळी मांडायच्या गॅल्या, स्टिका, सगळं गेलं. अनंतची स्टिकही. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती ती, इतकी वर्षं.

गाठोडं मात्र पदराखाली घालून घरी आणलं. कमरेत लचक भरली! आता पोरीच्या नोकरीपुढं माझी गाठ कशाला जपायची? उद्या कामावर जाण्याआधी उघडते.

१० सप्टेंबर, सोमवार

उघडलं. सुतळी कापली नाही, गाठ सोडली. मथळा जागच्या जागी. टिपाही. एक चांदणी, दोन चांदण्या. आणि खाली तिसरी टीप, कुठेच न छापलेली. शिशातली उलटी ओळ मला सुलटीसारखीच वाचता येते.

'*** देवकी, माझ्याशी लग्न करशील? हो असेल तर माझ्या स्टिकमध्ये एक चांदणी ठेव. सोमवारी पाहीन.'

आज सोमवारच आहे. स्टिक काल भंगारात गेली.