सातव्या मैलावरचे स्लीपर

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर १९७३

ती. स्व. दत्तोपंतमामांस,
श्यामलेचा सा. न. वि. वि.

घडले ते क्रमाने लिहिते.

१. अण्णांसाठी कारखान्याच्या ऊस-रेल्वेचा छोटा नमुना करायचे गणपतीत ठरले. गेज अडीच फुटी, माप अठ्ठेचाळीसास एक.

२. प्रश्न रुळांचा होता. मुंबईला तयार रूळ मिळतात. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, आपल्याला हवे सोळाला किंचित कमी. तेवढे चालले असते. पण त्यांचे रुळांखालचे आडवे स्लीपर मोठ्या लाइनसारखे दाट. तुम्हीच म्हणालात, असले खेळण्यातले रूळ घातलेस तर मी बघायलाही येणार नाही, हाताने घाल.

३. हाताने घालायचे तर स्लीपरचे खरे अंतर हवे. म्हणून भाऊबिजेला आलात तेव्हा, लाइन इन्स्पेक्टर असतानाची तुमची पाहणीवही तुम्ही मला दिलीत.

४. वहीत ११ फेब्रुवारी १९५८ची नोंद आहे. सातव्या मैलाच्या वळणावरचे अकरा स्लीपर एकाआड एक काढून बाजूच्या नव्या सायडिंग-लाइनला नेले, बदली आले नाहीत.

५. १४ फेब्रुवारीला त्याच वळणावर अण्णांचे इंजिन घसरले.

६. चौकशीत तुम्ही स्लीपर पुरे असल्याचे सांगितलेत. ठपका वेगावर आला. अण्णांना इंजिनवरून उतरवून वजनकाट्यावर बसवले. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते.

काल प्लायवूडवर आखलेल्या त्या वळणावर बोट ठेवून अण्णा म्हणाले, इथं माझा हात जड झाला. पंधरा वर्षे ते हेच म्हणतात. माईही तेच मानते, आणि सणाला पहिला पाट तुमचा मांडते.

नोंद मी दोघांनाही दाखवलेली नाही. वाचण्यात माझी चूक होत असेल तर कळवावे. उत्तर शिरोलीला आमच्या फाउंड्रीच्या पत्त्यावर पाठवावे, घरचे टपाल अण्णा फोडतात.

मामींना नमस्कार.

आपली,
श्यामला


कागल,
२० नोव्हेंबर १९७३

चि. श्यामलेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे चार्जशीटच की गं! आमचे जुने साहेबसुद्धा इतके कडक नव्हते. मामी म्हणाली, भाचीचं पत्र आलं आणि चहा का गार झाला? तिला काय सांगू?

वाचण्यात तुझी चूक नाही. ती नोंद वहीत आहे हे मी साफ विसरलो होतो. नमुना हुबेहूब व्हावा, दाजींनी बघून खूश व्हावं, एवढंच डोक्यात होतं.

आता ऐक. सायडिंगची घाई साहेबांना होती. बदली स्लीपर दोन दिवसांत देतो म्हणाले, दिले नाहीत. गाडी घसरल्यावर मात्र तासाभरात आले. चौकशीवाले पोचायच्या आत मी ते घालून घेतले. साहेब म्हणाले, पंत, लाइन पुरी आहे एवढंच बोला, ड्रायव्हरचं आम्ही सांभाळून घेऊ. मी खरं बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती, आणि दाजींचीही वाचली असती याची खात्री काय? निदान त्यांची नोकरी राहिली. माणूस मेलं नाही. उसाच्या चार वाघिणी कलंडल्या, एवढंच.

दाजी आता शांत आहेत. कशाला ढवळतेस? त्यापेक्षा असं कर, मुंबईचे तयार रूळच घे. आमच्या शेजारचा कृष्णात पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय, त्याला सांगून मी मागवतो. ते सगळीकडे सारखे असतात, मोजायला नको, विचारायला नको. वही त्याच्याच हाती परत दे.

तुझा पहिला ड्रॉइंग बोर्ड मी आणला होता, आठवतं? पोरगी म्हणून लोक हसत होते तेव्हा तुझ्या बाजूनं एकटा मी भांडलो. मामावरची माया कमी करू नकोस.

तुझा मामा,
दत्तोपंत


कोल्हापूर,
२६ नोव्हेंबर १९७३

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. मी एक नोंद विचारली होती. चौकशीआधी नवे स्लीपर घातल्याचे मला ठाऊक नव्हते, ते तुम्ही कळवलेत. अपघातानंतर दोन दिवसांनी अण्णा ते वळण पाहून आले होते. सगळे स्लीपर जागेवर दिसले, म्हणून त्यांनी स्वतःलाच दोष दिला. तुमच्या जबानीपेक्षा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता.

ड्रॉइंग बोर्ड आठवतो. रेघ कशी मारायची तेही तुम्हीच शिकवलेत. त्यासाठी तुमच्याबद्दल जे वाटत होते ते कुठे ठेवावे, हे मला अजून समजलेले नाही. ते बाजूला ठेवून लिहिते आहे.

कृष्णात शनिवारी आला होता. त्याला चहा दिला, वही दिली नाही. तयार रूळ मागवू नयेत. स्लीपर फाउंड्रीत लाकडी साचे करतात त्या पॅटर्न शॉपमधल्या सागाच्या तुकड्यांचे कापून झाले आहेत. बाकी लाइनवर अंतर अर्धा इंच. सातव्या मैलाच्या वळणावर पूर्ण इंच, तुमच्या नोंदीप्रमाणे. ते मी बदलणार नाही.

परवा अण्णांनी विचारले, पंतांची वही आली ना, मग वळण का थांबलंय. मी फाउंड्रीत काम फार आहे असे सांगितले. त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले खोटे. ते मला जमले, याचा मला राग आहे.

रविवारी, ९ डिसेंबरला, अण्णा आणि मी ते वळण घालायला बसणार आहोत. एका इंचाचे अंतर दिसताच ते कारण विचारतील. पुन्हा खोटे बोलणार नाही. त्या दिवशी सकाळी येऊन तुम्ही स्वतः सांगावे, माईही समोर असावी. तुम्ही येणार नसाल तर वही उघडून मी त्यांच्यासमोर ठेवीन.

येणार की नाही, एवढेच लिहावे. बुधवार, ५ डिसेंबरपर्यंत उत्तर मला मिळावे.

श्यामला