मधले वीस सेकंद

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.१०
डेल्मर रेडिओवर गायला. त्याला जाऊन पंचेचाळीस वर्षं होत आली, आणि आज हवामानाच्या बातम्यांनंतर त्याचं नवीन गाणं. रेकॉर्ड कंपनीला म्हणे गोदामात त्याच्या शेवटच्या रेकॉर्डिंग सेशनची टेप सापडली. गाणं 'मागचं दार उघडं आहे'. मधे वीस सेकंद तो गायचा थांबतो आणि स्टील गिटार रडते. ती मी वाजवली आहे. मी, व्हर्लन टॅकेट. निवेदकाने ड्रमवाल्याचंसुद्धा नाव घेतलं. माझं नाही.
अंडं करपलं.
ठरवलं: शांत राहायचं. ब्लड प्रेशर.

५ ऑक्टोबर, शनिवार
शांत राहिलो नाही. नाश्त्याला हॉयट भेटला. जन्मभर न्हावीकाम केलं, पण गाण्यातलं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. म्हणाला, इंटरनेटवर रण माजलंय. निम्मे लोक म्हणतात, मधला आवाज कॉम्प्युटरने तयार केलाय, मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा चाललाय. निम्मे म्हणतात, असलं स्टील आता कोणी वाजवत नाही. मग म्हणाला, तू त्या सेशनला होतास असं म्हणायचास ना?
म्हणायचास? होतोच. त्याला सगळं सांगितलं. माझं तपकिरी जाकीट, पार्किंगच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, स्टुडिओची विटांची भिंत, लाल दार, दाराच्या पितळी मुठीवरचा ओरखडा. त्याने विचारलं, आणि आत? म्हटलं, आत नेहमीसारखंच. त्याने फुटबॉलचा विषय काढला. लोकांना तपशिलाची गोडी राहिली नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार
रोनेलकडून इंटरनेटवर लिहून घेतलं. मुलीची बोटं भराभर चालतात. मी सांगितलं, लिही: ते स्टील माझं आहे, साक्षीदार डेल्मर स्प्राउल. ती म्हणाली, डॅडी, ते वारलेत. म्हटलं, म्हणून काय झालं, गातोय ना अजून. तिने साक्षीदार गाळला. बाकीचं मनापासून लिहिलं. लहानपणापासून तिला ही गोष्ट पाठ आहे. तिच्या लग्नातही मी ती माइकवरून सांगितली होती.
नंतर गोळ्या आणायला गेलो. औषधांच्या दुकानात छतातून डेल्मर. रांग सोडून बाहेर आलो. गोळ्या उद्या.

८ ऑक्टोबर, मंगळवार
दोनशे चौदा उत्तरं. चॅटनूगाचा कोणी जुना स्टीलवाला लिहितो: 'हे स्टील नाहीच. नीट ऐका, मधे एकदा श्वास घेतल्याचा आवाज येतो. तारेला श्वास लागत नाही.'
मी उत्तर लिहवून घेतलं: मी वाजवताना श्वास घेतो. नेहमीच घेत आलो आहे.
त्यावर एकसष्ट हसरे चेहरे आले. लोक खूश दिसतात.
गोळ्या राहिल्या.

१० ऑक्टोबर, गुरुवार. दुपार
कपाटातून गुणगुण येते. तिथे स्टील गिटारची पेटी आहे. बरेच दिवस उघडलेली नाही. फ्रीजच्या थरथरीने तारा वाजत असणार म्हणून फ्रीज बंद केला. दूध नासलं. गुणगुण तशीच. म्हणजे पाण्याचे पाइप. प्लंबर आला. म्हणाला, पाइप ठणठणीत आहेत काका, या पेटीत काय आहे? म्हटलं, इस्त्रीचं टेबल. त्याने पेटीला कान लावला. मला ते आवडलं नाही.
ठरवलं: कपाटाच्या बाजूला झोपायचं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
कंपनीतून मिस पेटी नावाच्या बाईंचा फोन. तरुण आवाज, दर वाक्याला सर. म्हणाल्या, सेशनच्या दिवशीच्या कागदावर वादकांच्या सह्या आहेत, स्टीलपुढची जागा कोरी आहे, असं का? म्हटलं, कागद चुकतात. त्यांनी विचारलं, स्टुडिओ आतून कसा होता, आठवतं? मी दाराचं वर्णन केलं. दहा मिनिटं तरी केलं असेल.
मग त्या म्हणाल्या, तेव्हाचा इंजिनियर दोन गाण्यांमधे टेप बंद करत नसे, त्यामुळे गाण्याआधीचं सगळं बोलणंही टेपवर आहे. परवा ऐकायला याल का सर?
म्हटलं, का नाही. आता सगळ्यांची तोंडं बंद होतील.
छातीत धडधड. कॉफी बंद करायला हवी.

१६ ऑक्टोबर, बुधवार
रोनेल सुट्टी काढून आली. चांगला ड्रेस घातला होता.
काचेची खोली. मिस पेटींनी बटण दाबलं. आधी खोकला. तो खोकला मी कुठेही ओळखेन. खुर्ची सरकली. मग डेल्मर, माझ्या कानापाशी असल्यासारखा:
"व्हर्लन आला का? ट्रक तर बाहेर दिसतोय त्याचा."
कोणीतरी म्हणालं, "दहा चाळीस झाले, डेल."
"येईल रे. घाबरतो लेकाचा, बाकी काही नाही. त्याची जागा मी नाकाने भरून ठेवतो. आला की त्यावर वाजवेल. खुर्ची हलवू नका."
सगळे हसले. डेल्मरही हसला. मग गाणं.
मधले वीस सेकंद त्याने नाकातून काढले. तोंड माइकपासून लांब नेत, परत जवळ आणत. माझा पाय पेडलवर आवाज लहानमोठा करतो, हुबेहूब तसं. एकदा श्वास घेतला.
रोनेलने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीत मी म्हटलं, टेप जुनी आहे, कशावरून बरोबर असेल. ती म्हणाली, "डॅडी, माझ्या लग्नात सांगितलं होतं तुम्ही."

१७ ऑक्टोबर, गुरुवार
त्या दिवशी टायर पंक्चर होता.
टायर ठीक होता.
आदल्या दिवशी त्याने तो तुकडा गुणगुणून दाखवला होता आणि मला तो जमला नव्हता. संध्याकाळपर्यंत बसलो, जमला नाही. सकाळी साडेनऊला स्टुडिओबाहेर पोचलो. बारापर्यंत ट्रकमध्ये बसलो. मग घरी आलो. त्यानंतर त्याचे तीन फोन आले. बायकोला सांगायला लावलं, घरी नाही. जानेवारीत रस्त्यावर बर्फ होता आणि त्याची गाडी पुलावरून खाली गेली.
हे पान फाडायचं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
फाडलं नाही, मागच्या बाजूला औषधांची यादी आहे.
मिस पेटींचा फोन. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, कंपनी गाणं पुन्हा काढणार आहे, त्या जागी खरं स्टील घालून. "त्यांनी जागा तुमच्यासाठीच धरून ठेवली होती ना सर." मंगळवारी सकाळी दहा. बेरी हिल, तीच इमारत. दार अजून लालच आहे म्हणे.
लगेच हो म्हटलं. पूर्वीचा व्हर्लन वेगळा होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार
हॉयटच्या मदतीने गिटारची पेटी बाहेर काढली. नव्या तारा. कपाटातली गुणगुण थांबली. दुपारभर वाजवलं. बोटं लाकडासारखी, पण एकदा, चारच्या सुमारास, तुकडा जवळजवळ आला. हॉयट न्हाव्याच्या दुकानातल्यासारखा आरशाकडे बघत म्हणाला, "वाजव रे बिनधास्त. बिघडलं तर सांगू, कॉम्प्युटर होता."
रोनेलचा फोन. म्हणाली, मी नेऊ का मंगळवारी? म्हटलं, अजून गाडी चालवता येते मला. मग म्हणाली, "आत जाल ना?"
काय प्रश्न आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.२०
पोचलो. सगळ्यांच्या आधी. तपकिरी जाकीट बसलं, बटणं सोडून. पार्किंगचा खड्डा कोणी बुजवलेला नाही.

९.५०
ड्रमवाला गेला आत. पोरगाच आहे. स्टील ट्रकच्या थंडीत आहे. एकदम गरम खोलीत नेलं तर सूर उतरतो. जरा थांबलेलं बरं.

१०.१५
फोन वाजला, मिस पेटी. उचलणार होतो, चष्मा सापडेना. चष्मा डोळ्यांवरच होता.

१०.४०
आत्ता लाल दार उघडलं. मिस पेटींनी डोकं बाहेर काढलं, ट्रककडे पाहिलं, मला पाहिलं. ओरडल्या नाहीत, हात हलवला नाही. आत गेल्या आणि दार उघडंच ठेवून गेल्या.
ओरखडा अजून आहे मुठीवर. इथून दिसतो.
आत टेप चालू असेल. ते म्हणत असतील, ट्रक तर बाहेर दिसतोय.
जातोच आहे. एवढं पान भरलं की. अर्धंअधिक कोरं आहे अजून.