तुकड्यांतल्या मायलेकी

पॅरिस, मार्च १९१३

प्रिय आई,
तुझ्या ओलेगेरचा नमस्कार. माझा खोकला कमी आहे, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमची तान्ही नुरी गेल्यापासून तुझी सून रेमेई बोलेनाशी झाली होती. म्हणून मी मायलेकींचं चित्र काढलं. इकडच्या नव्या पद्धतीनं, चेहरे, हात, पाळणा, सगळं तुकड्यातुकड्यांत. शेजारीण हसली, "अगंबाई, ही तर फुटकी बशी!"

रेमेई मात्र बघतच राहिली. म्हणाली, "पोर कुठं संपते, मी कुठं सुरू होते, कळतच नाही. असंच होतं." आणि पहिल्यांदा रडली.

काल मी चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं. तिनं लगेच सरळ केलं. "ओलेगेर, लेकरू अंधाराला भितं."

आई, तू येशील का गं?

तुझाच,
ओलेगेर