तुमच्या नावाने मारलेली थाप

आदरणीय डॉक्टरसाहेब,

माझ्या वडिलांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तुमच्यावर अविश्वास नव्हता, मला भीती वाटत होती. अण्णा मात्र ऐकेनात. "ज्यांच्या दवाखान्याची दारं मी बसवली, त्यांच्या पाठीमागे दुसऱ्याकडे जाऊ? तोंड कसं दाखवू?" शेवटी मी थाप मारली, की तुम्हीच पाठवलंय. लगेच शर्ट घालून निघाले.

ते डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या फुप्फुसावरचा जो डाग तुम्हाला कॅन्सर पसरल्याचा वाटला, तो जुन्या क्षयाचाही असू शकेल. आधी तो तपासू. तिथे कॅन्सर नसला तर ऑपरेशन करता येईल. तोवर केमो सुरू करू नका.

परतताना अण्णा म्हणाले, "बघ, याला म्हणतात डॉक्टर! स्वतःहून दुसऱ्याकडे पाठवतो. आणि तू मेल्या, त्यांच्यावर संशय घेत होतास."

उद्या ते तुमचे आभार मानायला येणार आहेत. खरं कळलं तर तपासणीला जाणारच नाहीत. पाया पडतो, "मी कुठे पाठवलं?" असं म्हणू नका.

हे पत्र द्यायला तुमच्या दारापर्यंत आलो, पण धीर झाला नाही, तसाच मागे फिरलो. आता उद्या अण्णांच्या मागे उभा राहून तुमच्याकडे नुसतं बघेन. तेवढ्यावरून ओळखा.

तुमच्या सुताराचा धाकटा